छिन्नमनस्कता : रुग्णाचा आंतरिक अनुभव आणि लक्षणांची घडण – एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८९३ ते २०२२)

बीजसंज्ञा : छिन्नमनस्कता, आंतरिक अनुभव, लक्षण, निदान, मनोविकारशास्त्राचा इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्रात 'चिन्ह' आणि 'लक्षण' या दोन संज्ञांमध्ये भेद केला जातो. डॉक्टरांना स्वतः पाहता, मोजता किंवा तपासता येते ते चिन्ह होय, तर रुग्ण जे सांगतो ते लक्षण होय. ताप तापमापकाने मोजता येतो. वेदना मात्र रुग्णाच्या तोंडूनच कळते. शरीराच्या बहुतेक आजारांत या दोहोंचा मेळ घालून निदान केले जाते. रुग्णाचे कथन अपुरे असले तरी रक्ततपासणी किंवा क्ष-किरण चित्र त्याची उणीव काही अंशी भरून काढते. छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया या आजारात तशी सोय नाही. या आजाराचे निदान निश्चित करणारी कोणतीही प्रयोगशाळेतील चाचणी आजही उपलब्ध नाही. इतर शारीरिक कारणे वगळण्यासाठी तपासण्या केल्या जातात, परंतु अंतिम निदान रुग्णाचे बोलणे, त्याचे वागणे आणि नातेवाइकांनी दिलेली माहिती यांच्या आधारेच होते.

यातून एक मूलभूत विसंगती निर्माण होते. 'माझ्या मनात दुसरे कोणी तरी विचार घालते' हे वाक्य या आजाराचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. हे लक्षण कोणालाही बाहेरून दिसत नाही. रुग्णाने सांगितले तरच ते अस्तित्वात येते. म्हणजे निदानासाठी रुग्णाच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवावा लागतो. मात्र निदान एकदा झाले की त्याच रुग्णाचा शब्द अविश्वसनीय ठरतो. एकाच व्यक्तीचे बोलणे पुरावाही ठरते आणि अग्राह्यही ठरते. गेल्या सव्वाशे वर्षांत मनोविकारशास्त्राने ही विसंगती कशी हाताळली, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) छिन्नमनस्कतेच्या संकल्पनेच्या इतिहासात रुग्णाच्या आंतरिक अनुभवाला मिळालेल्या स्थानाचा शोध घेणे. २) अनुभवाचे रूपांतर 'लक्षणा'त होण्याची प्रक्रिया निवडक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे. ३) या इतिहासाचा भारतीय व मराठी संदर्भ तपासणे.

सदर निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून, विवेचन प्रामुख्याने जर्मन भाषक प्रदेश, फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील घडामोडींपुरते मर्यादित आहे. त्या घडामोडींचा भारताशी जेथे प्रत्यक्ष संबंध आला, तेथे भारतीय संदर्भाचा विचार केला आहे. 'नसलेली गोष्ट ऐकू येणे वा दिसणे' या अर्थी येथे 'भास' आणि 'पुराव्याविरुद्धही टिकून राहणारी चुकीची खात्री' या अर्थी 'भ्रम' हे शब्द योजले आहेत.

१. क्रेपेलिन : बाहेरून पाहण्याची पद्धत

आधुनिक मनोविकार वर्गीकरणाचा पाया एमिल क्रेपेलिन (१८५६–१९२६) या जर्मन वैद्याने घातला. त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या १८९३ च्या चौथ्या आवृत्तीत 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हणजे 'अकाली बुद्धिऱ्हास' ही संज्ञा आली. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्याने हा आजार आणि उन्माद-अवसाद विकार अशी विभागणी पक्की केली. क्रेपेलिनच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की त्याने एका क्षणी दिसणाऱ्या लक्षणांपेक्षा आजाराच्या संपूर्ण वाटचालीला महत्त्व दिले. प्रत्येक रुग्णाची माहिती तो एका कार्डावर नोंदवीत असे व वर्षानुवर्षांच्या नोंदींची तुलना करीत असे. विखुरलेल्या निरीक्षणांना शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

तथापि या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या अर्थाला फारसा वाव नव्हता. १८८६ ते १८९१ या काळात क्रेपेलिन दोर्पात (आजचे एस्टोनियातील टार्टू) येथे प्राध्यापक होता. तेथील बहुसंख्य रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती व त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलावे लागे. जे ऐकून कळत नाही ते पाहून नोंदविण्याची सवय या परिस्थितीत दृढ झाली असावी, असे मानण्यास जागा आहे.

क्रेपेलिनच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील एक प्रसंग या दृष्टीने पुढे फार गाजला. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात त्याने एका तरुण रुग्णाला आणले व त्याला प्रश्न विचारले. तरुणाने डोळे मिटून, कधी हळू तर कधी ओरडून, तुटक उत्तरे दिली. तरुणाला प्रश्न समजत होते, तरीही त्याने उपयोगी पडेल अशी कोणतीच माहिती दिली नाही आणि त्याच्या बोलण्याचा परिस्थितीशी काही संबंध नव्हता, असा निष्कर्ष क्रेपेलिनने विद्यार्थ्यांपुढे मांडला. जवळपास साठ वर्षांनी, १९६० साली, ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आर. डी. लेइंग यांनी आपल्या 'द डिव्हायडेड सेल्फ' या ग्रंथात हाच प्रसंग पुन्हा वाचला. लेइंग यांच्या मते तो तरुण प्राध्यापकाच्या प्रश्नांची नक्कल करीत होता आणि परक्या विद्यार्थ्यांसमोर आपली तपासणी केली जात असल्याचा संताप व्यक्त करीत होता. म्हणजे त्याचे बोलणे परिस्थितीशी असंबद्ध नव्हते. ते नेमके त्या परिस्थितीविषयीच होते.

लेइंग यांचे वाचन सर्वस्वी बरोबर होते असे मानण्याचे कारण नाही. तो तरुण आजारी होता हे त्यांनीही नाकारले नाही. परंतु एकाच संभाषणाचे, एकही शब्द न बदलता, दोन भिन्न अर्थ लागू शकतात हे या उदाहरणातून सिद्ध होते. क्रेपेलिनला 'चिन्ह' दिसले. लेइंग यांना 'कथन' ऐकू आले.

२. श्रेबर : रुग्णाची साक्ष

क्रेपेलिनची व्याख्याने प्रसिद्ध होत असतानाच जर्मनीत एक रुग्ण स्वतःच्या अनुभवाची नोंद करीत होता. डॅनिएल पॉल श्रेबर (१८४२–१९११) हे ड्रेस्डेन येथील वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश होते. १८९४ पासून त्यांना ड्रेस्डेनजवळील पिर्ना येथील झोनेनश्टाइन या शासकीय मनोरुग्णालयात ठेवण्यात आले होते. ईश्वरी किरण आपल्या मज्जातंतूंशी संपर्क साधतात, आवाज सतत आपल्याशी बोलतात आणि सतत विचार करण्याची आपल्यावर सक्ती केली जाते, असा त्यांचा अनुभव होता. न्यायालयाने त्यांना स्वतःचा कारभार पाहण्यास अपात्र ठरविले. त्याविरुद्ध त्यांनी स्वतःच अपिलाचा मसुदा तयार केला व १९०२ साली ते अपील जिंकले. पुढील वर्षी त्यांच्या आठवणींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकाला एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा वाटतो. रुग्णाचे आत्मनिवेदन, रुग्णालयाच्या अधीक्षकांचे अहवाल आणि न्यायालयाचा निर्णय हे तिन्ही दस्तऐवज त्यात एकत्र आहेत. अधीक्षकांच्या अहवालांत ज्या गोष्टी 'भास' व 'भ्रम' या सदरांखाली येतात, त्याच गोष्टी श्रेबर यांच्या निवेदनात एका सलग अनुभवविश्वाचा भाग म्हणून येतात. उदाहरणार्थ, श्रेबर मोठ्याने ओरडत असत ही अहवालातील नोंद आहे. ते स्वतः मात्र या ओरडण्यालाही आपल्यावर बाहेरून घडविला जाणारा चमत्कार मानत. वर्तन एकच, पण बाहेरून ते कृती दिसते, आतून ते लादणे वाटते. न्यायालयानेही एक महत्त्वाचा भेद केला : माणसाच्या मनात भ्रम असला म्हणजे तो आपले व्यवहार पाहू शकत नाही असे आपोआप सिद्ध होत नाही.

१९११ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी श्रेबर यांच्या ग्रंथावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. फ्रॉइड श्रेबर यांना कधीही भेटले नव्हते. भ्रमाची निर्मिती हा आजार नसून कोसळलेले जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न असतो, हा त्यांचा विचार आजही मोलाचा मानला जातो. परंतु अनुभवाचा अर्थ त्यांनी आपल्या पूर्वनिश्चित सिद्धान्ताच्या चौकटीतच लावला. क्रेपेलिनच्या परंपरेत रुग्णाच्या कथनाला अर्थ नव्हता. येथे अर्थ होता, पण तो रुग्णाचा नव्हता.

३. ब्लॉयलर : सहवासातून आलेली संकल्पना

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर (१८५७–१९३९) यांनी २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिन येथील व्याख्यानात प्रथम मांडला आणि १९११ च्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले. ग्रीक भाषेतील 'विभागणे' आणि 'मन' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तो बनला आहे. मराठीतील 'छिन्नमनस्कता' हा पारिभाषिक शब्द त्याच रचनेचे अनुकरण करतो. या शब्दामुळे 'एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे' असा गैरसमज सर्वत्र पसरला. ब्लॉयलर यांना मात्र विचार, भावना व इच्छा यांच्यातील सांधा निखळणे अभिप्रेत होते.

ब्लॉयलर १८८६ पासून बारा वर्षे ऱ्हाइनाऊ येथील रुग्णालयाचे प्रमुख होते. तेथे ते रुग्णांच्या सहवासात राहत व त्यांच्या दैनंदिन कामांत सहभागी होत. या दीर्घ सहवासाचा ठसा त्यांच्या सिद्धान्तावर उमटलेला दिसतो. भास व भ्रम ही सर्वांत ठळक लक्षणे त्यांनी 'आनुषंगिक' ठरविली. विचारांच्या साखळीतील विस्कळीतपणा, भावनांतील बदल, परस्परविरोधी भावनांचे एकत्र असणे आणि स्वतःच्या जगात मागे सरणे ही त्यांच्या दृष्टीने 'मुख्य' लक्षणे होत. जे सर्वांत लवकर डोळ्यांत भरते ते आजाराचे मूळ नसते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

४. यास्पर्स ते ब्लांकेनबुर्ग : अनुभवाचे वर्णन

आंतरिक अनुभवाच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्रीय स्थान देण्याचे काम कार्ल यास्पर्स (१८८३–१९६९) यांनी केले. हायडेलबर्ग येथील चिकित्सालयात काम करीत असताना, वयाच्या तिसाव्या वर्षी, १९१३ साली त्यांनी 'सामान्य मनोविकृतिशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनुभव जसा रुग्णाला जाणवतो तसाच, कोणत्याही सिद्धान्ताची सरमिसळ न करता, नोंदवावा असा त्यांचा आग्रह होता. तत्त्वज्ञानातील फेनॉमेनॉलॉजी या विचारसरणीचा त्यामागे प्रभाव होता. भ्रम निर्माण होण्यापूर्वी रुग्णाला सभोवतालचे जग बदलल्यासारखे, काहीतरी अघटित घडणार असल्यासारखे वाटते. या अवस्थेचे त्यांनी केलेले वर्णन आजही प्रमाण मानले जाते. म्हणजे भ्रम हा केवळ चुकीचा निष्कर्ष नसून एका बदललेल्या अनुभवाला मिळालेले उत्तर असू शकतो, हे त्यातून पुढे आले.

यास्पर्स यांनी 'समजून घेणे' आणि 'कारण सांगणे' यांत भेद केला. परंतु छिन्नमनस्कतेतील मूळ भ्रम सहानुभूतीने समजून घेताच येत नाही, असेही त्यांनी प्रतिपादन केले. ज्या ग्रंथाने अनुभवाचे दार उघडले, त्यानेच या आजारापुरती त्याला एक मर्यादा घातली.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न यूजीन मिन्कोव्स्की (१८८५–१९७२) यांनी पॅरिसमध्ये केला. ब्लॉयलर यांच्या हाताखाली काम केलेल्या मिन्कोव्स्कींना १९२२ साली एका ६६ वर्षांच्या रुग्णाच्या घरी सुमारे दोन महिने वैद्य म्हणून राहावे लागले. आज रात्री आपल्याला भयंकर शिक्षा होणार, अशी त्या रुग्णाची दररोजची खात्री असे. रात्र उलटे व काहीच घडत नसे. मिन्कोव्स्की त्याला कालचे भाकीत चुकल्याचे दाखवून देत. पण दुसऱ्या दिवशी तीच खात्री पुन्हा तशीच उभी राही. दीर्घ निरीक्षणानंतर मिन्कोव्स्की या मतावर आले, की रुग्णाचा भविष्याकडे जाणारा ओघच थांबला आहे. ज्याच्यासाठी उद्याचा दिवस उरलेला नाही, त्याला कालच्या अनुभवातून काही शिकता येत नाही. येथे भ्रमामुळे भविष्य बंद झालेले नसून, भविष्य बंद झाल्यामुळे भ्रम उभा राहिला आहे. अनुभव व लक्षण यांच्या संबंधाची इतकी स्पष्ट मांडणी त्यापूर्वी क्वचितच झाली होती. १९२७ च्या ग्रंथात मिन्कोव्स्कींनी 'वास्तवाशी असलेला जिवंत संपर्क तुटणे' हे छिन्नमनस्कतेचे मूळ असल्याचे मांडले.

हीच परंपरा पुढे १९७१ साली वोल्फगांग ब्लांकेनबुर्ग यांच्या ग्रंथात आढळते. त्यांनी 'आन' या टोपणनावाच्या एका तरुणीची कथा मांडली. तिला भास नव्हते, भ्रमही नव्हते. इतरांना जे सहज, न शिकवता कळते ते आपल्याला कळत नाही, एवढीच तिची तक्रार होती. ब्लांकेनबुर्ग यांनी याला 'नैसर्गिक सहजतेचा लोप' असे नाव दिले. केवळ ठळक लक्षणे मोजणाऱ्या यादीत या तरुणीच्या दुःखाला जागा मिळणे कठीण होते.

५. झोनेनश्टाइन : न ऐकण्याची परिसीमा

रुग्णाचे म्हणणे ऐकले जाते की नाही, हा केवळ सैद्धान्तिक प्रश्न नाही. झोनेनश्टाइनचे रुग्णालय १८११ साली, बरे होऊ शकणाऱ्या मनोरुग्णांसाठी, सुधारणावादी विचारातून सुरू झाले होते. याच इमारतींतून श्रेबर यांनी न्यायालयाला आपले म्हणणे कळविले होते. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत नाझी सरकारने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्यात ज्या आजारांची नावे होती त्यांत छिन्नमनस्कता होती. १९४० साली झोनेनश्टाइनचे रूपांतर 'टी-४' या हत्यामोहिमेच्या केंद्रात झाले. १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथे १३ हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग व्यक्तींना विषारी वायूने ठार मारण्यात आले.

या मोहिमेची कार्यपद्धती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. रुग्णालयांकडून छापील अर्ज भरून घेतले जात. त्यांत निदान, रुग्णालयातील वास्तव्याचा काळ, काम करण्याची क्षमता अशा नोंदी असत. दूर बसलेले वैद्यकीय परीक्षक रुग्णाला न पाहता, न ऐकता त्या अर्जावर खूण करीत आणि त्यावरून त्याचे जगणे वा मरणे ठरे. श्रेबर यांच्या वेळी त्याच ठिकाणी रुग्णाच्या निवेदनाला न्यायालयात स्थान होते. चाळीस वर्षांनंतर उरली ती फक्त अर्जावरची एक संज्ञा. निदानाची यादी म्हणजे हत्या नव्हे, आणि तसे सुचविणे अनैतिहासिक ठरेल. परंतु व्यक्तीच्या जागी संज्ञा ठेवली की पुढील पायऱ्या किती सहज चढल्या जाऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

६. श्नायडर ते डी.एस.एम. : यादीचे युग

कुर्ट श्नायडर (१८८७–१९६७) यांनी १९३९ साली काही अनुभवांना निदानाच्या दृष्टीने 'प्रथम श्रेणीची लक्षणे' असे स्थान दिले. स्वतःचे विचार मोठ्याने ऐकू येणे, आपसांत वाद घालणारे किंवा आपल्या कृतीवर टीकाटिप्पणी करणारे आवाज, विचार काढून घेतले जाणे, घातले जाणे वा सर्वत्र पसरणे, आणि भावना, प्रेरणा व इच्छा कोणीतरी घडवीत असल्याची जाणीव यांचा त्यांत समावेश होतो. ही सर्व लक्षणे मुळात आंतरिक अनुभवच आहेत आणि 'माझे' व 'परके' यांतील सीमारेषा पुसली जाणे हे त्यांचे समान सूत्र आहे. श्नायडर यांनी ही यादी व्यवहारातील मार्गदर्शनापुरती व मोठ्या विनयाने मांडली होती. पुढे मात्र त्यांच्या विवेचनातून यादी उचलली गेली आणि अनुभवाचे सूत्र मागे राहिले.

यादीची गरज खरीच होती. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिका व ब्रिटन येथील डॉक्टर एकाच प्रकारच्या रुग्णाचे वेगवेगळे निदान करीत असल्याचे आढळून आले. या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेचा आंतरराष्ट्रीय प्राथमिक अभ्यास हाती घेतला. आरहुस, आग्रा, कॅली, इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई व वॉशिंग्टन या नऊ केंद्रांतील १,२०२ रुग्णांची एकाच प्रमाणित मुलाखतीद्वारे तपासणी झाली. आग्रा केंद्रासाठी त्या मुलाखतीचे हिंदी भाषांतर करण्यात आले. १९७३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या संस्कृतींत हा आजार ओळखता येतो हे त्यातून सिद्ध झाले आणि पुढील पाहणीत आग्र्यासारख्या केंद्रांतील रुग्णांची स्थिती अनेक पाश्चात्त्य केंद्रांतील रुग्णांपेक्षा चांगली असल्याचेही आढळले.

या अभ्यासातील एका आकडेवारीकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत सर्वाधिक, म्हणजे ९७ टक्के, आढळलेले लक्षण 'आजाराच्या जाणिवेचा अभाव' हे होते; आवाज ऐकू येण्याचे प्रमाण ७४ टक्के होते. आवाज ऐकू येतो हे रुग्णाच्या सांगण्यावरूनच मान्य करण्यात आले. तो आवाज खरा आहे असे त्याचे म्हणणे मात्र लक्षण म्हणून नोंदले गेले. प्रस्तावनेत उल्लेखिलेली विसंगती येथे आकड्यांच्या रूपाने समोर येते. जाणिवेचा अभाव ही उपचारातील खरी अडचण आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला तो अनुभव येतो त्याला तो इतका खरा का वाटतो, हा प्रश्न मुलाखतीच्या कक्षेबाहेर राहिला.

१९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान पुस्तिकेची तिसरी आवृत्ती, म्हणजेच 'डी.एस.एम.-३', प्रसिद्ध झाली. तिने निश्चित निकषांची पद्धत रूढ केली व श्नायडर यांच्या लक्षणांना मोठे महत्त्व दिले. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या निदानांत एकवाक्यता आली व औषधांच्या चाचण्यांना विश्वसनीय आधार मिळाला. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. ती आवृत्ती घडविणाऱ्यांपैकीच एक असलेल्या नॅन्सी अँड्रियासेन यांनी २००७ साली लिहिलेल्या लेखात, या पुस्तिकेमुळे अमेरिकेत अनुभवाच्या सूक्ष्म वर्णनाची परंपरा मृतप्राय झाल्याची खंत व्यक्त केली. पुस्तिका निदानाचे किमान निकष देण्यासाठी होती. प्रत्यक्षात विद्यार्थी तेवढेच शिकू लागले.

७. अनुभवाचे पुनरागमन

यादीच्या युगातही रुग्णाचे म्हणणे ऐकणारा प्रवाह पूर्णपणे आटला नव्हता. १९६१ साली स्कॉटलंडमधील अँड्र्यू मॅकघी व जेम्स चॅपमन यांनी आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील २६ रुग्णांशी झालेल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्व आवाज एकदम अंगावर येतात, लक्ष एका ठिकाणी ठरत नाही, चालण्यासारखी साधी कृतीही विचार करून करावी लागते, असे रुग्ण सांगत होते. जर्मनीत गेर्ड हूबर यांनी अशा सूक्ष्म तक्रारींना 'आधारभूत लक्षणे' असे नाव दिले. त्यांचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य असे, की ती रुग्णाला स्वतःला जाणवतात व तो ती आजाराची म्हणून ओळखतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या योआखिम क्लोस्टरकोटर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १६० व्यक्तींचा सरासरी ९.६ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आधारभूत लक्षणे सांगणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींना पुढे छिन्नमनस्कता झाल्याचे त्यात आढळले. रुग्णाची 'अस्पष्ट' तक्रार ही भास-भ्रमांच्या आधी येणारी पूर्वसूचना असू शकते, याला यामुळे आधार मिळाला.

१९८९ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉन स्ट्रॉस यांनी एक प्रसंग नोंदविला. मुलाखतीसाठी आलेल्या एका रुग्ण स्त्रीने त्यांना विचारले, की मी स्वतःला सावरण्यासाठी काय करते हे तुम्ही कधीच का विचारत नाही? स्ट्रॉस हे वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी झालेले अनुभवी संशोधक होते. त्यांच्या प्रश्नावलीत लक्षणांसाठी जागा होती. लक्षणांशी झुंजणाऱ्या व्यक्तीसाठी नव्हती.

त्याच सुमारास, १९८७ साली, नेदरलँड्समध्ये मारिउस रोमे यांनी एका रुग्ण स्त्रीसह दूरचित्रवाणी कार्यक्रमात आवाज ऐकू येणाऱ्यांना संपर्काचे आवाहन केले. आवाज ऐकू येणाऱ्या सुमारे ४५० जणांनी प्रतिसाद दिला. त्यांतील अनेकजण कोणत्याही उपचाराविना आपले आयुष्य व्यवस्थित जगत होते. आवाज ऐकू येणे आणि त्याने हतबल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

सैद्धान्तिक पातळीवर लुई सास व योसेफ पारनास यांनी २००३ मध्ये असे प्रतिपादन केले, की छिन्नमनस्कतेचे मूळ 'मी'पणाच्या अगदी प्राथमिक जाणिवेतील बिघाडात आहे. 'हा विचार माझा आहे' हे सामान्यतः कोणाला स्वतःला सांगावे लागत नाही. ही न सांगता असणारी जाणीव क्षीण झाली, की स्वतःचा विचार परका वाटू लागतो आणि परका वाटणारा विचार कोणीतरी घातला असावा असे स्पष्टीकरण पुढे येते. २००५ साली पारनास व सहकाऱ्यांनी अशा अनुभवांच्या तपासणीसाठी पाच विभागांत ५७ बाबी असलेली मुलाखत-पद्धती प्रसिद्ध केली. येथे लक्षण हा प्रवासाचा शेवट ठरतो. सुरुवात अनुभवात असते.

८. भारतीय व मराठी संदर्भ

अनुभवाला भाषा व नाती आकार देतात, याचा पुरावा भारतातूनही मिळतो. तान्या लुहरमन व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ, घानातील अक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेण्यात आल्या. अमेरिकन रुग्ण आवाजांना मनावरील हिंसक आक्रमण मानत. चेन्नईतील अनेक रुग्णांना मात्र ते नातेवाइकांचे आवाज वाटत. ते रागावत, सल्ला देत, घरकामे करायला सांगत. यादीच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणचे लक्षण एकच. जगण्याच्या दृष्टीने मात्र ते एक नव्हे.

मराठी समाजात अशा अनुभवांसाठी 'बाधा', 'करणी', 'अंगात येणे' हे शब्द पूर्वापार प्रचलित आहेत. रुग्ण व त्याचे नातेवाईक प्रथम याच शब्दांत बोलतात. हे शब्द केवळ अंधश्रद्धेची खूण म्हणून बाजूला सारले, तर उपचाराला विलंब करणाऱ्या समजुतीबरोबर रुग्णाचे कथनही बाजूला पडते. कारण 'कोणीतरी माझ्यावर करणी केली आहे' या वाक्यात 'माझ्यावर माझा ताबा राहिलेला नाही' हा अनुभवही असू शकतो. करणी खरी मानण्याची आवश्यकता नाही. ताबा सुटल्याची जाणीव मात्र खरी मानावी लागते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे अंतर्विश्व व त्याच्या कुटुंबाची घालमेल मराठी प्रेक्षकांसमोर आणली, ही या संदर्भात उल्लेखनीय बाब होय.

कायद्याच्या क्षेत्रात भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने 'आगाऊ निर्देश' देण्याचा हक्क मान्य केला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे व्यक्ती आधीच लेखी नमूद करू शकते. रुग्णाच्या शब्दाला निदानानंतरही मूल्य असते, या तत्त्वाची ती कायदेशीर मान्यता आहे.

निष्कर्ष :

१) छिन्नमनस्कतेची बहुतेक प्रमुख लक्षणे मुळात रुग्णाने कथन केलेले आंतरिक अनुभव आहेत. त्यांचे 'लक्षण' होणे हे ऐकणाऱ्याच्या निवडीवर व प्रश्नांवर अवलंबून राहिले आहे.

२) क्रेपेलिनपासून 'डी.एस.एम.-३' पर्यंत निदानात एकवाक्यता आणण्याचे प्रयत्न आवश्यक व उपयुक्त होते. परंतु प्रत्येक टप्प्यावर अनुभवाचा काही भाग नोंदीबाहेर राहिला.

३) मिन्कोव्स्की, ब्लांकेनबुर्ग, हूबर व पारनास यांच्या कार्यातून असे दिसते, की भास व भ्रम हे काळ, सहजता व 'मी'पणा यांच्या आधीच बदललेल्या अनुभवातून उभे राहू शकतात. म्हणून अनुभवाची चौकशी लवकर निदानासाठीही उपयुक्त आहे.

४) रुग्णाचे कथन ऐकणे म्हणजे त्याचा भ्रम खरा मानणे नव्हे, आणि भ्रम खोटा ठरविणे म्हणजे त्याचे दुःख खोटे ठरविणे नव्हे.

समारोप :

२०१३ च्या 'डी.एस.एम.-५' ने श्नायडर यांच्या लक्षणांचे विशेष स्थान काढून घेतले. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने मात्र छिन्नमनस्कतेच्या वर्णनात 'स्व-अनुभवातील बिघाड' स्पष्टपणे नमूद केला. त्याच वर्षी मनोविकाराच्या आंतरिक अनुभवावरील एक विस्तृत आढावा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; तो संशोधकांनी आणि स्वतः त्या अनुभवातून गेलेल्या व्यक्तींनी मिळून लिहिला होता. क्रेपेलिनच्या वर्गात जो तरुण तपासणीचा विषय होता, त्याच्यासारख्यांची नावे आता लेखक म्हणून येऊ लागली आहेत. ही वाटचाल पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होणाऱ्या तपासणीत डॉक्टरांना यादीचा आधार घ्यावाच लागतो. तरीही 'आवाज ऐकू येतात का?' या प्रश्नाला होकार मिळाल्यावर 'ते कोणाचे वाटतात, काय म्हणतात आणि त्या वेळी तुम्ही काय करता?' हे विचारणे शक्य असते. पहिल्या प्रश्नाने निदान होते. पुढच्या प्रश्नांनी ज्याचे निदान झाले तो माणूस समोर येतो.